नाबोथाचा मळा आणि केळ्यांची पेटी

वाचकहो, बाजारातून केळी किंवा द्राक्षे घरी आणताना आपण भाव विचारतो, फळ कच्चे आहे की पिकलेले ते दाबून पाहतो आणि फार तर ते कार्बाइड घालून पिकवले असेल काय, अशी शंका काढतो. ते पिकवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीची वर्तणूक कशी आहे, हा प्रश्न सहसा मनाला शिवत नाही. शिवलाच तर पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो : कंपनीला नीतिमत्ता असते काय? तिला लाज वाटत नाही, पश्चात्ताप होत नाही, अपराधाच्या जाणिवेने तिची झोप उडत नाही. मग तिने 'सामाजिक उत्तरदायित्व' पार पाडले, असे जेव्हा तिच्या अहवालात छापून येते, तेव्हा नेमके कोणी, कोणाला आणि कशाबद्दल उत्तर दिलेले असते?

या प्रश्नाचा विचार नुसत्या तत्त्वांच्या आधारे करू गेल्यास हाती फारसे लागत नाही. म्हणून फळांच्या व्यापारातीलच एक घडलेली हकिकत आपल्यापुढे ठेवतो.

'चिकिटा' ही केळ्यांचा व्यापार करणारी जगातील एक मोठी कंपनी. तिचे मूळ १८९९ मध्ये स्थापन झालेल्या 'युनायटेड फ्रूट कंपनी'त आहे. या जुन्या कंपनीचे नाव मध्य व दक्षिण अमेरिकेत आजही आदराने घेतले जात नाही. १९२८ साली कोलंबियातील तिच्या मळ्यांवरील मजुरांनी लेखी करार, सहा दिवसांचा आठवडा आणि कुपनांऐवजी रोख मजुरी यांसाठी संप केला. डिसेंबरमध्ये सिएनागा या गावी सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. किती माणसे मेली याचा वाद अद्याप मिटलेला नाही. असा वारसा असलेल्या कंपनीने १९९० नंतर आपली रीत सुधारण्याचे मनावर घेतले, आणि ते वरवरचे नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. 'रेनफॉरेस्ट अलायन्स' या पर्यावरणसंस्थेचे नियम तिने एकेका मळ्यावर लागू केले. केळ्यांच्या घडांना कीटकनाशक लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घालतात. पूर्वी त्या ओढ्यानाल्यांत फेकल्या जात, त्या आता गोळा होऊ लागल्या. ओढ्यांच्या काठी झाडांचे पट्टे राखले गेले. सन २००० अखेर कंपनीच्या मालकीच्या सर्व मळ्यांना त्या संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. जून २००१ मध्ये तिने मजूर संघटनांशी करार करून संघटना बांधण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. बड्या फळकंपनीने असे करणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

आता त्याच वर्षांतील दुसरी वही उघडू. कोलंबियाच्या उराबा प्रांतात 'एयूसी' नावाच्या सशस्त्र टोळ्यांचे राज्य होते. मजूर पुढारी, शेतकरी आणि संशयावरून कोणीही यांची हत्या करणे हे त्यांचे काम. १९९७ पासून २००४ पर्यंत चिकिटाने आपल्या तेथील उपकंपनीमार्फत या टोळ्यांना सुमारे १७ लाख डॉलर दिले. त्यापूर्वी ती डाव्या बंडखोरांनाही पैसे देत असे. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकी सरकारने एयूसीला दहशतवादी संघटना ठरवले. पैसे चालूच राहिले. २००३ साली कंपनीच्या स्वतःच्या वकिलांनी पैसे ताबडतोब थांबवावेत असा सल्ला दिला, कंपनीने सरकारला सारे कळवलेही, तरी पुढे काही महिने हप्ते जात राहिले. मार्च २००७ मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि अडीच कोटी डॉलर दंड भरला. तो दंड अमेरिकी सरकारच्या तिजोरीत गेला. उराबातील विधवांना त्यातून काही मिळाले नाही.

कंपनीचे म्हणणे असे की, ही खंडणी होती. दिली नसती तर आमच्या कामगारांचे जीव गेले असते. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. बंदूक रोखून उभ्या असलेल्या माणसाला पैसे देणारा बाप आपण दोषी ठरवत नाही. परंतु त्या बापाला घर सोडून जाणे शक्य नसते, आणि त्या घरात राहून त्याला नफाही होत नसतो. कोलंबियातील व्यवसाय हा चिकिटाचा सर्वांत फायद्याचा व्यवसाय होता, असे खुद्द अमेरिकी न्यायखात्याने नमूद केले आहे. शिवाय तेथून निघणे अशक्य नव्हते, कारण २००४ मध्ये कंपनीने आपले कोलंबियातील मळे विकून टाकले. जे सातव्या वर्षी करता आले, ते पहिल्या वर्षी करणे कठीण होते एवढेच म्हणता येईल.

मग ती प्रमाणपत्रे खोटी होती काय? नव्हती, आणि मला विचारात पाडणारी गोष्ट हीच आहे. ओढ्याकाठची झाडे खरी होती. पिशव्या खरोखर गोळा होत होत्या. तपासनीस आला, त्याने त्याच्या यादीतील प्रश्न विचारले, त्यांची खरी उत्तरे मिळाली आणि त्याने मोहोर उठवली. या मळ्यातील उत्पन्नातून बंदुका कोणाच्या हाती जातात, हा प्रश्न त्याच्या यादीत नव्हता.

मोहोर म्हटले की नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आठवते. राजांच्या पहिल्या पुस्तकातील ती कथा आपण बहुधा लोभाविषयीच्या प्रवचनात ऐकतो. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ती एकदा वाचून पाहावी. मळा हवा होता अहाब राजाला. पत्रे लिहिली ईजबेलने, राजाच्या नावाने, आणि त्यांवर मोहोर राजाची केली. न्यायसभा भरवली गावच्या वडीलजनांनी. साक्ष दिली दोन नीच माणसांनी. धोंडे मारले लोकांनी. सारे कसे रीतसर! अहाबाच्या हाताला रक्ताचा थेंबही लागला नाही. त्याने फक्त मळा ताब्यात घेतला. तरीही एलीया संदेष्ट्याला वडीलजनांकडे किंवा धोंडे मारणाऱ्यांकडे नव्हे, तर त्या मळ्यात उभ्या असलेल्या राजाकडे पाठवण्यात आले. काम अनेक हातांत वाटले गेले म्हणून दोष वाटला जाऊन नाहीसा होत नाही. फळ ज्याच्या पदरात पडले त्याला विचारणा होते.

आधुनिक न्यायाला तेथे पोहोचायला वेळ लागला. २००७ मध्ये अमेरिकेत शिक्षा झाली ती कंपनी या कागदी व्यक्तीला. कोणी अधिकारी तुरुंगात गेला नाही. जून २०२४ मध्ये फ्लोरिडातील ज्यूरीने आठ मृतांच्या कुटुंबीयांना ३ कोटी ८३ लाख डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला. २०२५ साली कोलंबियातील न्यायालयाने कंपनीशी संबंधित सात माजी अधिकाऱ्यांना अकरा वर्षांहून अधिक कारावास सुनावला. तोवर काही मुलांच्या आठवणीतून बापाचा चेहरादेखील पुसला गेला असेल.

हे सर्व दूरदेशीचे आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्या देशातील २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यातून शाळा उभ्या राहिल्या, दवाखाने चालले. त्याचे मोल कमी लेखू नये. पण त्याचे नियम बारकाईने पाहा. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम, तसेच केवळ तिच्या स्वतःच्या कामगारांच्या हिताचे काम, या दोन टक्क्यांत धरले जात नाही. यामागचा हेतू समजतो. नाहीतर कंपन्यांनी आपला घरखर्चच धर्मादाय म्हणून दाखवला असता. मात्र याचा परिणाम असा की, 'उत्तरदायित्व' हा शब्द नफ्याचा विनियोग कसा केला याला चिकटला, तो मिळवला कसा यापासून तुटला. लेवीयच्या पुस्तकातील द्राक्षमळ्याचा नियम मला याहून अवघड वाटतो. तेथे वेचणीनंतर दान करण्याविषयी नव्हे, तर वेचणी कशी करावी याविषयीच आज्ञा आहे : मळा पुरता झाडून घ्यायचा नाही, खाली पडलेली फळे गोळा करायची नाहीत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी तेथेच राहू द्यायची.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांचेच घ्या. निफाड, दिंडोरीकडील द्राक्षे युरोपात जातात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचा अंश सापडल्याने तेथे माल अडवला गेला आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. आज निर्यातीच्या बागांची नोंदणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात, फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे हे बागायतदाराला तोंडपाठ असते. हे अंतर खाणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. त्याचा भंग झाला तर द्राक्षच साक्ष देते.

दुसरेही एक अंतर असते. फवारलेल्या बागेत माणसाने पुन्हा केव्हा शिरावे, याचे. ते विरळणीसाठी पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांच्या रक्षणासाठी आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांच्या नियमावलीत त्याचीही कलमे आहेत, हातमोजे आणि मुखपट्टीचीही आहेत. पुष्कळदा छोटा बागायतदार स्वतःच पंप पाठीला लावतो, तेव्हा त्याला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे मेली, त्यांत शेतकरी आणि मजूर दोन्ही होते. परंतु भाव ठरवणारा खरेदीदार, पेटीवर नाव छापणारी कंपनी आणि चकाकते फळ मागणारे आपण, यांपैकी या दुसऱ्या अंतराची चौकशी कोण करतो? आपल्या वाचकांपैकी काही जण निर्यात कंपन्यांत, बँकांत, गुणवत्ता तपासणीच्या खात्यांत काम करतात. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे : सायंकाळी फवारलेल्या वेलींखाली दुसऱ्या दिवशी सकाळी बायका विरळणीला उभ्या केल्या, तर त्याची कसलीही खूण द्राक्षात उरत नाही. नमुना स्वच्छ येतो, आणि पेटी वेळेवर बंदरात पोहोचते.