उघडे ठेवणे आणि मिटणे

गेल्या आषाढात बीड जिल्ह्यातील लिंबागणेश या गावी एका स्नेह्यांकडे दोन दिवस मुक्काम करण्याचा योग आला. भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे हे गाव पुष्कळांस परिचित आहे. दर्शन घेऊन परतलो, तो यजमानांची ओसरी माणसांनी भरलेली. त्यांची कन्या कॉलेजचा अभ्यास सांभाळून गावकऱ्यांचे पीकविम्याचे अर्ज संगणकावर भरून देते, आणि मुदत सरत आली होती. ती क्षणभर आत गेली असता आमची दृष्टी पडद्याकडे वळली. वरच्या पट्टीत इतके टॅब दाटीवाटीने उभे होते की, एकाचेही नाव धड वाचता येईना. आम्हांस नीटनेटकेपणाची खोड जुनी. समोरचे एक पान राखून बाकीची सारी आम्ही मिटून टाकली, आणि सत्कृत्य केल्याच्या समाधानाने चहाची वाट पाहत बसलो.

मुलगी बाहेर आली. ती रागावली नाही; एवढेच म्हणाली, "काका, त्यातल्या एकेका टॅबमागं एकेक माणूस थांबला होता." कोणाचे बँकेचे पासबुक यावयाचे होते, कोणाचा सातबारा, कोणाचा मोबाईल शहरात गेलेल्या मुलाजवळ असल्याने तिकडून ओटीपी यावयाचा होता. मिटलेली पाने पुन्हा उघडली. परंतु त्यांत भरलेला मजकूर गेला तो गेलाच. एका वृद्ध बाईंचा अर्ज तर शेवटच्या रकान्यापर्यंत आला होता. त्यांना वस्तीवरून चिखल तुडवीत पुन्हा यावे लागले. त्या आम्हांस काही बोलल्या नाहीत, हे आम्हांस अधिक लागले.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. उघड्या टॅबांची रांग दिसली की आपण तीस आळस म्हणतो, हावरेपणा म्हणतो, चित्ताची चंचलता म्हणतो. पण वस्तुस्थिती तशी असते काय? अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली या सवयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना ही गर्दी जाचते. तरीही एकदा मिटलेले पुन्हा सापडणार नाही, या भीतीने त्यांच्याने ती मिटवत नाही, असे त्यांस आढळले. म्हणजे जेथे आम्ही लोभ पाहत होतो, तेथे पुष्कळदा भय असते. आणि लिंबागणेशच्या त्या ओसरीवर तर ते दिलेला शब्द पाळण्याचे साधन होते.

दोषाचा काही वाटा साधनाकडेही जातो. पूर्वी प्रत्येक पानास स्वतंत्र खिडकी लागे. पुढे एकाच खिडकीत अनेक पाने टॅबांच्या रूपाने मांडण्याची सोय झाली. 2004 साली आलेल्या फायरफॉक्सने ती घरोघर पोचविली, आणि 2006 साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनेही तिचा स्वीकार केला. सोय उत्तम, परंतु तिने हातातले काम, कोणाची तरी वाट पाहणारे काम आणि केवळ कुतूहलाने उघडलेले पान, ही तिन्ही एकाच पंक्तीत, एकाच मानाने बसविली. फायरफॉक्सने 2011 साली सारी पाने गटागटाने एका पटावर मांडून दाखविण्याचा प्रयोग केला. वापरणारे थोडे निघाल्याने 2016 साली तो काढून टाकला. क्रोमने 2020 साली टॅबांस नाव व रंग देऊन त्यांचे गट बांधण्याची युक्ती आणली. ही दिशा आम्हांस योग्य वाटते.

आमच्याकडील जुन्या दप्तरांत हीच रीत होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद हजारो रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कारकुनाने रुमाल बांधला म्हणजे कागद टाकून दिला असे नव्हे. हवा तेव्हा सोडता यावा म्हणूनच तो बांधला. रियासतकार सरदेसाई यांनी त्या दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड 1930 नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केले, ते कोणी तरी पूर्वी नीट बांधून ठेवले होते म्हणून. याच्या उलट उदाहरण याच बीड जिल्ह्यातले आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी आपले पंचीकरण एका लांबलचक पासोडीवर लिहिले. एकाच विषयाचा विस्तार असा नजरेसमोर उलगडलेला असणे हे भूषणच. परंतु दहा जणांची दहा कामे एकाच पासोडीवर मांडली, तर वाचणारा गोंधळणारच. काय पसरावे आणि काय बांधावे, हे कामाच्या जातीवरून ठरते.

म्हणून साधने घडविणाऱ्यांकडे आमचे मागणे माफक आहे. अर्धवट भरलेला मजकूर, भरणाऱ्याची इच्छा असेल तर, जपला जावा. थांबलेले काम कोणासाठी व कधीपर्यंत थांबले आहे, याची चिठ्ठी त्यास जोडता यावी. मिटलेले परत मिळते असा भरवसा असला, म्हणजे माणूस निर्धास्तपणे मिटू शकेल.

पण यंत्राचे काम येथे संपते. सामाईक संगणकावर दुसऱ्याचे बँकखाते उघडे राहिले, तर ते तत्काळ मिटणे हे कर्तव्य होय. तेथे सोयीची सबब चालावयाची नाही. आणि कधीच वाचली जाणार नाहीत अशी स्वतःची पाने कोणती, हे ठरविण्याचे धैर्य ज्याचे त्यानेच दाखविले पाहिजे. आमच्या हातून घडले ते याच्या नेमके उलटे: दुसऱ्याची पाने न विचारता मिटली, आणि घरी आमची स्वतःची कित्येक महिने उघडीच होती.

आपल्याकडे दुकानदार संध्याकाळी दुकान 'बंद केले' असे म्हणत नाही, 'वाढविले' म्हणतो. उद्या पुन्हा उघडावयाचे आहे, हा विश्वास त्या शब्दात आहे. त्या मुलीने रात्री उशिरा अखेरचा अर्ज पाठविला, एका वहीत उरलेल्यांची नावे लिहिली, आणि मगच एकेक पान मिटले. आम्ही शेजारी बसून नावे वाचून दाखवीत होतो. या खेपेस विचारून.