स्वस्त कशास म्हणावे?

काटकसर हा सद्गुण आहे की नुसती सवय, असा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत सहसा कोणी विचारीत नाही. ती सद्गुण आहे हे गृहीतच धरलेले असते. गिरगावातील चाळींत किंवा दादरच्या बिऱ्हाडांत जी माणसे वाढली, त्यांस वस्तू विकत घेण्याचे एक शास्त्रच मुखोद्गत असते. भांडे वाजवून घ्यावे, कापडाचा पोत बोटांनी चाचपावा, छत्री उघडून तिच्या काड्या पाहाव्या, आणि दुकानदाराने सांगितलेला पहिला भाव जणू कानावर आलाच नाही असे समजून बोलणे सुरू करावे. ह्या शास्त्राचे सारे सूत्र 'टिकाऊ आणि स्वस्त' एवढ्या दोन शब्दांत मावते. पैकी 'टिकाऊ' ह्या शब्दाविषयी फारसा मतभेद संभवत नाही. 'स्वस्त' हा शब्द मात्र दिसतो तितका सरळ नाही. त्याची चिकित्सा एखाद्या अगदी साध्या वस्तूच्या निमित्ताने करणे सोयीचे पडेल, म्हणून येथे गमबुटाचा विचार योजिला आहे. विषय क्षुद्र वाटल्यास वाचकांनी थोडा धीर धरावा.

आपण ज्यास गमबूट म्हणतो त्यास इंग्रज लोक वेलिंग्टन म्हणतात, आणि त्या नावाचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. त्याने करवून घेतलेल्या चामडी बुटाची ढब लोकप्रिय झाली व तिला त्याचे नाव पडले. पुढे चार्ल्स गुडइयर याने गंधकाच्या योगाने रबर पक्के करण्याची कृती काढली व १८४४ साली तिचे पेटंट मिळविले. ह्या कृतीच्या आधारे हायरम हचिन्सन नामक अमेरिकन कारखानदाराने १८५३ साली फ्रान्समध्ये रबरी पादत्राणांचा कारखाना घातला, तेव्हा लाकडी जोडे घालून शेतात राबणाऱ्या तेथील शेतकऱ्यांचे पाय प्रथमच कोरडे राहू लागले. पहिल्या महायुद्धात खंदकांतील पाण्याने सैनिकांचे पाय सडू लागले, त्या वेळी एडिंबरोच्या एका कारखान्याने ब्रिटिश सैन्यास अकरा लाखांहून अधिक जोड पुरविले. सरदाराच्या पायातून निघालेली ही वस्तू शेतकऱ्याच्या व शिपायाच्या पायांतून उतरत उतरत आपल्या शहरात नाला उपसणाऱ्याच्या पायात आली आहे.

आता चांगला गमबूट कोणता, हे पाहू. बाजारात मुख्यतः दोन जाती आढळतात. एक खऱ्या रबराची आणि दुसरी पीव्हीसी नामक प्लास्टिकची. रबरी बूट साच्यावर थरांवर थर चढवून करतात. तो मऊ असतो, चवड्याशी हजारो वेळा दुमडला तरी लवकर चिरत नाही, आणि फाटलाच तर सायकलचे पंक्चर काढणारा मनुष्यही त्यावर ठिगळ चिकटवून देऊ शकतो. परंतु तेल व चरबी ही रबराची शत्रू आहेत. त्यांच्या संसर्गाने ते फुगते व पिचते. म्हणून ससून डॉकवर मासळीच्या तेलकट पाण्यात उभे राहणाऱ्यास प्लास्टिकचाच बूट बरा. तो एकाच ओतीव तुकड्याचा असल्यामुळे त्यास सांधा नसतो व किंमतही कमी पडते. मात्र उन्हात पडून राहिल्याने तो ताठर होतो, आणि मग घोट्याच्या घडीवर एक बारीक भेग पडते. ती भेग दिसण्यापूर्वी पाणी आत आलेले असते. हलक्या मालाची परीक्षा दुकानातच करता येते. चवडा दोन्ही हातांनी दुमडून पाहावा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर त्यात भेसळ फार आहे असे समजावे. तळव्यावरची नक्षी खोल व विरळ असावी, कारण दाट नक्षीत चिखल भरून बसतो व तळवा साबणासारखा गुळगुळीत होतो. टाच घट्ट बसली पाहिजे. सैल टाच चार तासांत पायाची सालपटे काढते, आणि ओल्या कामात सालपट म्हणजे काय हे पुढे येईलच. काम झाल्यावर बूट धुऊन, उलटा करून, सावलीत वाळवावा. एका जोडाऐवजी दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून दुपटीहून अधिक टिकतात, कारण आत मुरलेला घाम बुटाचे अस्तर आधी खातो.

एवढे ठाऊक असल्यावर हिशेब अवघड नाही. समजा, एक जोड चारशे रुपयांचा असून एका पावसाळ्यात निकामी होतो व दुसरा नऊशेचा असून तीन पावसाळे जातो. तर दुसराच स्वस्त, हे शाळकरी पोरही सांगेल. ज्याच्यापाशी जूनच्या आरंभी नऊशे रुपये रोख नाहीत त्यास हे गणित कळूनही उपयोग नसतो, आणि गरिबास वस्तू महाग पडते ती अशी. पण हे अनेकांनी सांगून झाले आहे. त्यावर येथे थांबत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. वरील सर्व विवेचनात आपण न बोलता एक गोष्ट मान्य केली होती, ती ही की बूट विकत घेणारा आणि बूट पायात घालणारा एकच. ज्या घरात हे खरे असते तेथे काटकसर आपोआप शहाणी होते, कारण चुकीच्या काटकसरीचा दंड काटकसर करणारास स्वतःच भोगावा लागतो. मुंबई शहरात, विशेषतः परळ-लालबागसारख्या सखल व दाट वस्तीच्या भागांत, गमबुटाची बहुतेक गरज ज्यांस असते ते स्वतः तो विकत घेत नाहीत. नाले उपसणारे, कचरा उचलणारे, हिंदमात्यास पाणी तुंबले म्हणजे गुडघाभर पाण्यात उतरून जाळ्या मोकळ्या करणारे, इमारतींच्या आवारांतील चेंबर साफ करणारे, ह्या सर्वांचे बूट दुसरा कोणी तरी घेतो. कोणत्याही मोठ्या संस्थेची खरेदी कागदावर होते, आणि कागदाचा स्वभावच असा की त्यावर किंमत स्पष्ट दिसते व टिकाऊपणा दिसत नाही. निविदांच्या तक्त्यात सर्वांत लहान आकडा कोणता हे कारकुनास क्षणात कळते. टाच सैल आहे की घट्ट, हे कळण्याचे इंद्रिय पाय हेच आहे, आणि तो पाय त्या खोलीत हजर नसतो. 'ज्याचे जळते त्याला कळते' ही आपली म्हण अशा ठिकाणी अक्षरशः लागू पडते.

दुसऱ्याच्या पायावर केलेल्या बचतीस काटकसर म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. स्वतःची गैरसोय सोसून मनुष्य जे वाचवितो त्याला नैतिक मोल आहे. दुसऱ्याची गैरसोय करून जे वाचते ते फक्त वाचते. ह्यावर कोणी म्हणेल, सार्वजनिक पैसा जपून खर्च करणे हेही कर्तव्यच नव्हे काय? आहे. पण मग हिशेब पुरा तरी करावा. उंदरांच्या मुतातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात व सालपट निघालेल्या किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. ह्या रोगास लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत ह्या रोगाने मुंबईत जे थैमान घातले ते अनेक वाचकांस आठवत असेल. महापालिका दर पावसाळ्यात नागरिकांस बजावते की तुंबलेल्या पाण्यात उतरू नका, उतरलाच तर डॉक्टरांस विचारून प्रतिबंधक औषध घ्या. आपल्यास जे पाणी टाळण्याचा उपदेश केला जातो, त्याच पाण्यात काही माणसांस उतरण्याचा पगार मिळतो. त्या पगारात आजारपणाचे दिवस, रुग्णालयातील खाट आणि घरी बसलेली माणसे मिळविली, तर सर्वांत लहान आकड्याची निविदा किती स्वस्त राहील?

ह्या ठिकाणी सुशिक्षित मंडळींकडून एक आक्षेप हटकून येतो. 'अहो, बूट दिले तरी ते लोक घालीतच नाहीत!' हे बहुधा खोटे नसते, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत बंद रबरात पाय तासाभरात घामाने उकडून निघतो. बुटाच्या काठाच्या वर पाणी चढले की बूट भरतो, आणि भरलेला बूट पायास बांधलेल्या धोंड्यासारखा होतो. दाट गाळात तो रुतून बसतो व पाय एकटाच वर येतो. कोकणातला शेतकरी भातलावणीच्या वेळी इरले पाठीवर घेऊन अनवाणीच चिखलात उतरतो. बांधावरून चालताना बोटे रोवून तोल सावरता येतो, बुटात ते जमत नाही. अर्थात बूट नाकारण्यात केवळ आळस किंवा अज्ञान आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यात अनुभवाचे ज्ञान असते. परंतु ते ज्ञान अपुरे आहे हेही तितकेच खरे. सिंधुदुर्गातील भातशेतांतही लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली आहेत, आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूची खबर बोटांना लागत नाही. वैद्यास जंतू कळतो, मजुरास बूट कळतो. दोघांस एकत्र बसवून खरेदी झाली तर जो बूट निवडला जाईल तोच घातला जाईल. आक्षेप घेणाऱ्यांपैकी कितींनी हा प्रयोग करून पाहिला आहे?

येथवर आले की वाचकांस वाटेल, उत्तम बूट द्यावा म्हणजे प्रश्न मिटला. दुर्दैवाने मिटत नाही. किंबहुना येथेच तो अधिक बिकट होतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्यात अशा कामास लावलेला मनुष्य कोणास म्हणावे ह्याची व्याख्या आहे. त्या व्याख्येस जोडलेल्या स्पष्टीकरणात असे आहे की जो विहित साधने व संरक्षक साहित्य वापरून हे काम करतो तो त्या संज्ञेत मोडत नाही. हेतू चांगला असेल. पण परिणाम असा की मनुष्य तोच, घाण तीच, त्याचे आडनाव व त्याच्या बापाचे कामही बहुधा तेच, आणि पायात बूट व हातात मोजे आले की कायद्याच्या दृष्टीने तो निराळा झाला. 'पायीची वहाण पायीच बरी' ही आपल्या भाषेतली एक निष्ठुर म्हण आहे. माणसास त्याच्या जागी ठेवण्यासाठी ती वापरीत आले आहेत. बूट चांगला असला की ती जागाही चांगली झाली, असे मानण्याचा मोह आपल्याला होतो. बूट हा पायाचे रक्षण करतो. त्या पायाने गटारात का उतरावे ह्याचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

म्हणून दोन कामांत भेद केला पाहिजे. रस्ता झाडणे, कचरा उचलणे, तुंबलेले पाणी वाहते करणे ही कामे माणसांनीच करावी लागतील असे आज तरी दिसते. तेथे उत्तम बूट हा कामगाराचा हक्क आहे. बंद गटारात वा मैल्याच्या टाकीत शिरणे हे काम माणसाचे नव्हेच; तेथे विषारी वायूपुढे उत्तमातला उत्तम बूटही निरुपयोगी, तेथे यंत्रच पाहिजे. गटारांत मृत्यू पावलेल्यांच्या वारसांस दहा लाख रुपये द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले व २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. आणि 'हा माझा नोकर नव्हे, कंत्राटदाराचा' हे उत्तरही आता जुने झाले पाहिजे. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांस कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला, तोवर ती माणसे वर्षानुवर्षे शहराचेच काम करीत होती, आणि त्यांचा धनी कोण ह्यावरच वाद चालला होता. धनी ठरल्याखेरीज बूट कोणाकडे मागावा?

हे सर्व सरकार व महापालिका ह्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकजण कोणत्या ना कोणत्या सहकारी गृहसंस्थेचे सभासद असतात. मे महिन्याच्या सभेत रंगाचा खर्च, गच्चीची गळती ह्यांवर तास दोन तास चर्चा होते, आणि चेंबर साफ करण्याचा विषय 'नेहमीच्या माणसास सांगावे' ह्या एका वाक्यात संपतो. कायद्याने संरक्षक साधनांवाचून मैल्याच्या टाकीत मनुष्य उतरविणे कोणासही निषिद्ध आहे, त्यात गृहसंस्थाही आली. टाकीसाठी यंत्राची गाडी बोलवावी, तिचा दर जास्त पडतो म्हणून कुरकुर करू नये. आणि आवार झाडणाऱ्यासाठी बूट घ्यायचा असेल तर त्यास दुकानात बरोबर न्यावे, मोजे घालून दोन्ही पायांत चढवून चालायला सांगावे, आणि नको म्हणाला तर का नको ते ऐकून घ्यावे. पाऊस सुरू होण्याआधी घ्यावा. नंतर जो माप उरला असेल तो मिळतो. झाडणाऱ्यांत बायका पुष्कळ असतात, आणि दुकानांत मांडलेले बहुतेक बूट पुरुषांच्या मापाचे. चार नंबरच्या पायास सात नंबरचा बूट देऊन, पुढे कापडाचा बोळा कोंबून, ती कशी तरी दिवस काढते. लहान माप ठेवीत नाही असे दुकानदार म्हणेल. मागणी नाही, असे त्याचे कारण असते. आणि मागणी करणारे आपण आहोत, ती नव्हे.