रिकाम्या खुर्चीचं भाडं

ठरलेलं लग्न मोडणं सोपं, काढलेलं तिकीट मोडणं कठीण, हे ज्ञान मला उतारवयात झालं.

भिवंडीजवळच्या वळ गावी मेहुण्यांच्या गोदामात मी हिशेब पाहतो. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर हा सारा मुलूख आता गोदामांचा. तर मुंबईत गोदामवाल्यांची परिषद भरणार होती. तिकीट साडेचार हजार, वर १८ टक्के जीएसटी. एकूण ५,३१० रुपये. चहा, जेवण आणि ज्ञान त्यातच. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, तुम्हीच जा. तुम्हाला इंग्रजी कळतं." (कळत नाही, हे मी सासुरवाडीपासून तीस वर्षं लपवून ठेवलं आहे.)

आदल्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींना सणसणून ताप भरला. जाणं रद्द. मग भिंग घेऊन तिकिटामागचे नियम वाचले. तीस दिवस आधी रद्द केल्यास निम्मे पैसे परत, नंतर छदाम नाही. बदली माणूस पाठवायचा तर सात दिवस आधी कळवा. म्हणजे तापानेही आठवडाभर आधी नोटीस द्यायची! शेवटचं कलम : 'तारीख, स्थळ व वक्ते बदलण्याचा हक्क आयोजकांना राहील.' मी वळलो तर दंड, ते वळले तर हक्क. वळ गावात बसून मला वळायची सोय नाही. पाठीवर वळ मात्र उठला.

आता, आयोजकांचंही खरं आहे. दोनशे पानं मांडावीत आणि दीडशेच उठावीत, तर यजमानाच्या पोटात कसा गोळा येतो हे कुठल्याही वधुपित्याला विचारा. शब्द मोडणाऱ्याने भरपाई करावीच. प्रश्न एवढाच, की किती?

जमिनीच्या व्यवहारात आपल्याकडे इसार देतात. घेणारा फिरला तर इसार बुडाला. देणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा, अशी अट पुष्कळ इसारपावत्यांत असते. हत्यार दुधारी. तिकीट म्हणजे सुरी. मूठ कायम त्यांच्या हातात.

शेजारच्या वकिलांनी मला आणखी चढवलं. मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराने लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवायचे होते. पुरवठा नीट झाला नाही. सरकारने १८,५०० रुपयांची अनामत जप्त केली. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने १८७२ च्या करार कायद्यातलं ७४ वं कलम लावलं. नुकसान किती झालं हे दाखवता येण्याजोगं असूनही सरकारने दाखवलं नव्हतं. जप्ती टिकली नाही.

झालं! आयोजकांना खरमरीत पत्र लिहायला बसलो. 'माझ्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला असेल, तर आपलं नुकसान काय?' कागद हवा म्हणून पावतीपुस्तक ओढलं. तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं : 'बुकिंग रद्द केल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही.' मजकूर माझाच.

गेल्या दिवाळीत एका खेळणीवाल्याने पाच हजार भरून जागा राखली होती. त्याचे वडील वारले, माल आला नाही. तिसऱ्या दिवशी तीच जागा आम्ही एका उशीवाल्याला दिली. खेळणीवाला दोनदा येऊन गेला. मी पावतीच्या तळावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "साहेब, चष्मा नाही आणला." भिंग माझ्या खणात होतं.

नुकसान किती? दोन दिवसांचं भाडं. तीनशे रुपये.

मेहुणे म्हणाले, "भाऊजी, नियम म्हणजे नियम."

म्हटलं, "मग माझ्या तिकिटासाठी चार दिवस कोण कण्हत होतं?"

ते गप्प बसले. खेळणीवाल्याला ४,७०० पोचते केले. आयोजकांचं उत्तर अजून यायचंय.

नवा मजकूर घेऊन छापखान्यात गेलो : 'जागा रिकामी राहील तेवढ्या दिवसांचं भाडं कापून बाकी परत.' छापखानेवाल्याने जुन्याच मजकुराची पन्नास पुस्तकं पुढ्यात ठेवली. "कालच छापली. ऑर्डर रद्द होणार नाही, साहेब."

कागद गेला होता, शाई गेली होती. नुकसान अगदी डोळ्यांपुढे होतं. मुकाट्याने पैसे मोजले.