सत्य कोणाच्या स्वाधीन करावे?

'अपस्मार' या शब्दातच स्मृतीचा लोप अभिप्रेत आहे. चरकसंहितेने या व्याधीची मीमांसा प्रामुख्याने दोषांच्या प्रकोपातून केली. इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास, हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रीक ग्रंथाने हा 'पवित्र' म्हणवला जाणारा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे प्रतिपादन केले. शास्त्राने रोगाला असे निसर्गाच्या कक्षेत आणले. समाजाने मात्र त्याला लज्जेच्या कक्षेतच ठेवले. 'फेफरे' हा शब्द घरात आजही दबक्या आवाजातच उच्चारला जातो, आणि रस्त्यात कोणी कोसळला की चप्पल किंवा कांदा हुंगवणारे हात आजही पुढे येतात.

या लज्जेचा नैतिक पेच तीव्र अपस्मारापेक्षा सौम्य अपस्मारात अधिक गहन होतो. तीव्र व्याधी स्वतःच बोलते. तिला लपण्याची मुभा नसते. वर्षा-दोन वर्षांतून एखादा झटका, किंवा बोलता बोलता काही क्षण हरवलेली नजर, सकाळ-संध्याकाळची गोळी आणि जागरणाची धास्ती, एवढ्यावर ज्याचे भागते, त्या विशी-पंचविशीतील तरुणासमोर मात्र निवड उभी राहते. जगात सुमारे ५ कोटी माणसांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे निरोगी दिसणे बहुतेकांना शक्य आहे. मग सांगावे की न सांगावे?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे दिली जातात. सत्य सर्वांना सांगावे, हे एक. शरीर ज्याचे त्याचे, म्हणून कोणालाच सांगण्याचे बंधन नाही, हे दुसरे. दोन्ही अपुरी आहेत, कारण सत्याचे ऋण सर्वांचे सारखे नसते. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी भराव्या लागणाऱ्या नमुन्यात अपस्माराविषयी थेट प्रश्न असतो. तेथे खोटे उत्तर देणारा अनोळखी पादचाऱ्याचा जीव पणाला लावतो. कार्यालयात टेबलापाशी बसून हिशेब लिहिणाऱ्याच्या व्याधीशी शेजारच्या सहकाऱ्याचा असा संबंध नसतो. त्याच्या कुतूहलाला उत्तर देणे हे कर्तव्य नव्हे. ज्याचे आयुष्य वा सुरक्षितता आपल्या झटक्याशी बांधली गेली आहे, त्याचाच सत्यावर हक्क पोहोचतो.

विवाहात हा हक्क सर्वाधिक असतो आणि तेथेच तो सर्वाधिक डावलला जातो. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला बसवले आणि असा विवाह रद्द ठरवून घेण्याची वाट खुली केली. १९९९ मध्ये ते शब्द वगळण्यात आले. कायद्याची चूक दुरुस्त झाली, तरी कांदेपोह्यांच्या बैठकीतील भय ओसरले नाही. मुलीच्या बाबतीत तर निर्णय बहुधा वडीलधारेच घेतात: आधी लग्न होऊ द्या, मग पाहू. परिणामी नववधू गोळ्या ट्रंकेच्या तळाशी ठेवते, पाहुण्यांच्या गर्दीत त्या चुकतात, झोप मोडते, आणि जे लपवायचे तेच लपवण्यामुळे ओढवते. काही औषधे गर्भाला अपाय करू शकतात, म्हणून मातृत्वाचा विचार आधीपासून वैद्याच्या सल्ल्याने करावा लागतो. पतीपासून दडवलेल्या आजारात तोही नीट होत नाही.

तथापि सत्य सांगितल्याने सारे सुकर होते, असेही नाही. दस्तयेवस्कीला स्वतःला अपस्मार होता. त्याच्या 'इडियट' (१८६८-६९) या कादंबरीचा नायक, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा प्रिन्स मिश्किन, आपला आजार मुळीच लपवत नाही. येपांचिन कुटुंबाला तो ठाऊक असतो. त्यांची मायाही खरी असते. पण भावी जावई म्हणून ज्या संध्याकाळी प्रतिष्ठितांना त्याचे दर्शन घडवायचे, त्याच संध्याकाळी भर बैठकीत त्याला झटका येतो, आणि हा मुलगा नवरा म्हणून अशक्य, हा कौल घराच्या मनात उमटतो. ऐकलेले सत्य आणि डोळ्यांदेखत घडलेले सत्य यांतील हे अंतर कादंबरीकाराने निर्दयपणे दाखवले आहे.

या अंतराच्या मुळाशी व्याधीचे एक वैशिष्ट्य आहे. शुद्ध हरपवणारा झटका ज्याला येतो, त्याला तो दिसत नाही; दिसतो तो इतरांना. रुग्णाच्या वाट्याला येतात ती चावलेली जीभ, दुखणारे अंग आणि भोवतालचे भेदरलेले चेहरे. तो किती वेळ टिकला, कसा सुरू झाला, हे वैद्याला सांगण्यासाठीही त्याला दुसऱ्याच्या स्मृतीवर विसंबावे लागते. त्यामुळे आपला आजार सांगणे ही अपराधाची कबुली ठरत नाही. आपल्या आयुष्यातील काही मिनिटे, जी आपल्या ताब्यात नसतात, ती विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवणे, असे तिचे स्वरूप आहे.

सोपवण्याच्या या कृतीत घेणाऱ्यावरही ऋण येते. झटक्यात कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे, पाच मिनिटांहून अधिक काळ लोटल्यास दवाखाना गाठावा. एवढे शिकणे अवघड नाही. अवघड आहे ते त्यानंतर, शुद्धीवर येणाऱ्या माणसाकडे पूर्वीच्याच नजरेने पाहणे. तरुणाकडे सत्याची मागणी करणाऱ्या समाजाने आधी ही नजर कमवायला हवी. ती कमावली नाही म्हणून जोडीदाराला अंधारात ठेवण्याचा परवाना तरुणाला मिळत नाही. पण त्याच्या मौनाचा दोष एकट्या त्याच्या माथी मारण्याचा अधिकार समाजालाही उरत नाही.