उहुदची मसलत आणि आपल्या सभा

मस्जिदीच्या आवारात जमातची सभा भरते. कब्रस्तानच्या भिंतीचा, मदरशाच्या खर्चाचा किंवा रमजानमधील इफ्तारच्या व्यवस्थेचा विषय निघतो. बहुतेकांचे मत एका बाजूला असते आणि कोपऱ्यातला एखादा उठून म्हणतो, “मला हे पटत नाही.” पुढे काय होते ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. कोणी हसतो, कोणी त्याला त्याच्या वयाची आठवण करून देतो आणि अध्यक्ष घाईने पुढच्या विषयाकडे वळतात. आता हीच सभा मोबाइलवरही भरू लागली आहे. तेथे ॲडमिनने बोट लावले की वेगळे बोलणारा गटाबाहेर जातो, त्याचे लिहिलेलेही पुसले जाते आणि उरलेल्यांना वाटते की सर्वांचे एकमत झाले.

ज्याच्या हाती इतरांना बोलू देण्याचा किंवा गप्प बसविण्याचा अधिकार असतो, त्याच्या त्या अधिकाराचे स्वरूप काय? ती त्याची मालकी आहे की अमानत? आणि थोड्यांचे मत बहुसंख्यांना चुकीचे वाटत असेल, तर ते ऐकून घेणे हा केवळ मनाचा मोठेपणा आहे की न्यायाची मागणी? या प्रश्नांचे उत्तर शोधताना उहुदच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल.

हिजरी सन ३ मध्ये मक्केचे सुमारे तीन हजारांचे सैन्य मदीनेवर चालून आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना (रजि.) मसलतीसाठी एकत्र केले. शहरात राहूनच प्रतिकार करावा, असा त्यांचा स्वतःचा कल होता. परंतु बद्रच्या लढाईत सहभागी होऊ न शकलेले अनेक उत्साही तरुण बाहेर पडून लढण्याचा आग्रह धरीत होते आणि त्यांचे पारडे जड ठरले. ज्यांच्यावर ईशवाणी अवतरत होती, त्यांनी आपले मत बाजूला ठेवले आणि चिलखत चढविले. आपण फार आग्रह केला असे वाटून तरुणांना पश्चात्ताप झाला व त्यांनी शहरातच थांबण्याची तयारी दाखविली, परंतु एकदा युद्धासाठी सज्ज झाल्यावर माघार घेणे प्रेषिताला शोभत नाही, असे सांगून प्रेषितांनी (स.) झालेला निर्णय कायम ठेवला.

याच मसलतीत अब्दुल्लाह बिन उबय्य यानेही शहरात थांबण्याचाच सल्ला दिला होता. म्हणजे त्याचे मत आणि प्रेषितांचा (स.) कल एकच होता. परंतु आपले ऐकले गेले नाही, पोरांचे ऐकले, अशी तक्रार करीत तो सुमारे तीनशे माणसांसह वाटेतूनच परत फिरला. एकाच मताच्या या दोन वागणुकी आपण शेजारी ठेवून पाहाव्यात. मत मांडणे हा दोघांचाही हक्क होता. ते स्वीकारले न गेल्यावर एकाने निर्णयाची जबाबदारी सर्वांबरोबर उचलली, तर दुसऱ्याने ऐन संकटात सोबत सोडली. आपले मत ऐकले जाण्याचा हक्क आणि आपलेच मत मान्य होण्याचा हट्ट यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. अल्पमतात असलेल्यांनी हे अंतर विसरता कामा नये.

पुढे रणांगणावर दुसरा प्रसंग घडला. टेकडीवर पन्नास तिरंदाज नेमले होते व काहीही झाले तरी जागा न सोडण्याची त्यांना ताकीद होती. विजय दिसू लागताच बहुतेकांनी मानले की काम संपले. त्यांचे प्रमुख हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांनी आदेशाची आठवण करून दिली, पण त्यांच्यासोबत थोडेच, सुमारे दहा जण उरले. मोकळ्या झालेल्या त्या जागेतून शत्रूच्या घोडदळाने मागून हल्ला केला. हजरत हमजा (रजि.) यांच्यासह सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले आणि स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले. टेकडीवर संख्या चाळिसांच्या बाजूला होती आणि सत्य दहांच्या बाजूला. पृथ्वीवरील बहुसंख्यांच्या मागे गेल्यास माणूस अल्लाहच्या मार्गापासून भटकू शकतो, या आशयाचा इशारा दिव्य कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये (६:११६) आला आहे. बहुमताने व्यवहार चालतो. परंतु बहुमत हा सत्याचा पुरावा नव्हे.

इतक्या मोठ्या हानीनंतर कोणत्याही नेत्याने ठरविले असते की यापुढे कोणाला विचारणे नको. पण उहुदनंतर अवतरलेल्या सूरह आलि इम्रानच्या आयतीत (३:१५९) उलट आदेश आहे. तेथे प्रेषितांच्या (स.) कोमल स्वभावाला अल्लाहची कृपा म्हटले आहे, ते कठोर असते तर लोक पांगले असते असे सांगितले आहे, आणि या लोकांना क्षमा करून कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहण्याची आज्ञा दिली आहे. मसलत दर वेळी अनुकूल फळ देते म्हणून ती करायची असे नाही. ज्यांच्यावर निर्णयाचा भार पडणार आहे, त्यांचे म्हणणे ऐकणे हा त्यांचा हक्क आहे, म्हणून ती करायची.

मग सभेचा अध्यक्ष, मुतवल्ली किंवा गटाचा ॲडमिन यांचे कर्तव्य काय? त्यांचे स्थान काझीसारखे आहे. हजरत अली (रजि.) यांना यमनला काझी म्हणून पाठविताना प्रेषितांनी (स.) त्यांना शिकविले की पहिल्याचे ऐकले तसे दुसऱ्याचेही ऐकल्याशिवाय निवाडा देऊ नये. काझीने रागात असताना निवाडा करू नये, अशीही हदीसची शिकवण आहे. या दोन कसोट्या लावल्या तर आपल्या हातून होणारे किती बहिष्कार टिकतील? बहुतेक वेळा ॲडमिनचे बोट उठते ते रागातच, आणि दुसरी बाजू ऐकण्यापूर्वीच. कोणाविषयीचे वैर आपल्याला न्यायापासून ढळवू नये, ही सूरह अल-माइदामधील (५:८) आज्ञा केवळ न्यायालयांसाठी नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो. सर्वांनाच बोलू दिले तर फितना माजेल, जमातची एकी मोडेल. हा आक्षेप पोकळ नाही, मर्यादा हवीच. पण ती कोठे आखावी, हे हजरत अली (रजि.) यांच्या खिलाफतीत दिसते. कूफाच्या मस्जिदीत ते खुतबा देत असताना खारिजी मध्येच घोषणा देत. त्यांची विचारसरणी चुकीची होती आणि भाषा जहाल होती. तरीही हजरत अलींनी (रजि.) जाहीर केले की त्यांना मस्जिदींपासून रोखले जाणार नाही, ते सोबत आहेत तोवर त्यांचा वाटा अडविला जाणार नाही आणि आपण होऊन त्यांच्याशी युद्ध सुरू केले जाणार नाही. त्या लोकांनी निरपराधांचे रक्त सांडल्यानंतरच नहरवानची लढाई झाली. म्हणजे मर्यादा मतावर नव्हती, अत्याचारावर होती.

जिभेचेही अत्याचार असतात. थट्टा, टोमणे, वाईट टोपणनावे, संशय आणि निंदा यांना सूरह अल-हुजुरातने (४९:११-१२) मनाई केली आहे. सभेतून हे सर्व अवश्य थांबवावे. मात्र ही मनाई सर्वांना सारखी आहे. एकट्याचा चढलेला आवाज ‘बेअदबी’ ठरावा आणि चाळीस जणांची थट्टा ‘गंमत’ ठरावी, हा न्याय नव्हे.

आपल्या फिकहच्या परंपरेने वेगळ्या मताला काय मान दिला तेही पाहावे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मताशेजारी त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.) यांची विरुद्ध मते हनफी ग्रंथांत नोंदलेली आहेत. शेतजमीन पिकाच्या ठराविक वाट्यावर कसायला देणे इमामसाहेबांच्या मते योग्य नव्हते. दोघा शिष्यांनी ते योग्य मानले आणि पुढे फतवा शिष्यांच्या मतावर दिला गेला. अस्रची वेळ केव्हा सुरू होते, याविषयी इमामसाहेबांचे प्रसिद्ध मत एक आणि या दोघांचे दुसरे. ते इतर इमामांच्या मताशी जुळते. कोकणातील शाफई आणि घाटावरील हनफी कुटुंबांत सोयरीक जुळते तेव्हा घरात अस्रच्या दोन वेळा असतात आणि तरी नमाजची चटई एकच असते. गुरूसमोर शिष्यांची तोंडे बंद केली गेली असती, तर ही मते आपल्यापर्यंत पोहोचली नसती आणि शेतकऱ्याची अडचणही सुटली नसती.

गप्प बसविलेले मत मरत नाही. ते सभेतून उठून गल्लीत जाते, तेथे निंदेचे रूप घेते आणि कधी एखाद्या तरुणाला मस्जिदीपासूनच दूर नेते. त्याच्या त्या दुराव्याचा हिशेब कयामतच्या दिवशी अध्यक्षालाही विचारला जाईल, याचे भय बाळगले पाहिजे. म्हणून पुढच्या सभेत कोपऱ्यातला माणूस उठला की त्याला पूर्ण बोलू द्यावे, त्याचे मत इतिवृत्तात लिहून घ्यावे आणि मग निर्णय करावा. आणि त्या माणसानेही, निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी, दुसऱ्या दिवशी फजरला त्याच सफमध्ये उभे राहावे.

अल्लाह आपल्याला न्यायाने ऐकण्याची आणि संयमाने बोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.