झारीतील पाणी



उन्नतीची ओढ मनुष्याच्या ठिकाणी उपजतच असते. असे असूनही मोठ्या उत्साहाने केलेला संकल्प पंधरवड्यातच का बरे कोमेजतो? पहाटे उठून वाचन करण्याचा नेम दोन दिवस चालतो, तिसऱ्या दिवशी थंडी आडवी येते. देह सबब पुढे करतो आणि मन ती आनंदाने मान्य करते. हा दोष केवळ आळसाचाच आहे काय?

उत्तर शोधावयास दूर जावयास नको. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची यात्रा भरते. नागोबा हे मेस्राम कुळाचे दैवत. यात्रेपूर्वी या कुळातील गोंड बांधव अनवाणी पायांनी गोदावरीवरील हस्तिनमडुगूपर्यंत जातात आणि तेथील जल झारीत भरून पायीच परत येतात. वाट कित्येक दिवसांची. त्याच जलाने अमावास्येच्या रात्री देवाला अभिषेक होतो, आणि कुळातील नव्या सुनांची देवाशी भेट घडविण्याचा ‘भेटिंग’ विधी त्या महापूजेनंतरच होतो.

त्या यात्रिकांचे पाय दुखत नसतील काय? दुखत असतीलच. परंतु झारीतील पाणी त्यांच्या स्वतःच्या तहानेसाठी नसते. सारे कूळ त्या जलाची वाट पाहत असते. म्हणूनच थकलेले पाऊलही पुढे पडते.

आपला संकल्प नेमका येथे उणा पडतो. ‘मी मोठा व्हावे’ एवढ्यावरच उभारलेला निश्चय ‘मला आज नको’ एवढ्यानेच मोडतो. वचन देणारा आपण, घेणाराही आपणच. मग जाब विचारावा कोणी? भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात मनुष्याने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा असे सांगितले. पण त्यापूर्वी तिसऱ्या अध्यायात जनकाचा दाखला देऊन लोकसंग्रहाचा मार्गही दाखविला. चालावे आपल्याच पायांनी, परंतु आणलेले जल सर्वांचे असावे, असा या दोन्ही उपदेशांचा मेळ आहे.

तेव्हा नवा नेम धरण्यापूर्वी, हे पाणी आपण कोणासाठी आणणार, एवढे मनाशी ठरवावे. वाचनाचा नेम असेल, तर शेजारच्या मुलाला रोज एक धडा सांगण्याचे व्रत त्यास जोडावे. पाटी घेऊन मूल दारात उभे राहिले, म्हणजे आळसाला घरात जागा उरत नाही. आणि त्या मुलाला शिकविता शिकविता आपलेही ज्ञान वाढते.

आपणा सर्वांची झारी भरलेली राहो आणि ती इतरांच्या उपयोगी पडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.