मार्गशोधन

संस्कृतात 'मार्ग' हा शब्द दोन धातूंपासून साधतात. एक 'मृज्', म्हणजे स्वच्छ करणे. दुसरा 'मार्ग्', म्हणजे शोधणे. पाठशाळेत हा विकल्प आम्ही घोकला, पण त्यातले मर्म साठी उलटल्यावर कळू लागले. जी शोधावी लागते आणि जी झाडून काढावी लागते, तीच वाट. 'शोधन' या एका शब्दात तर हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. एकदा पडली म्हणजे कायमची राहिली, असे वाटेचे नसते. पाऊल थांबले की गवत सुरू होते.

आमचे केडगाव नगर शहराला लागून, पठारावर. पाऊस बेताचा, रान उघडे आणि पुण्याची सडक अगदी दाराशी. वाट बुजणे म्हणजे काय, हे इथे बसून कळायचे नाही. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. तिथे १६४६ मीटर उंचीची कळसूबाई आहे, रतनगड आहे, हरिश्चंद्रगड आहे. आणि त्यांच्या पलीकडे सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात कोसळतो. त्या कड्यातून खाली उतरणाऱ्या कितीतरी जुन्या घाटवाटा आज रानाने गिळल्या आहेत. हल्ली गिर्यारोहणाचा नाद असलेली तरुण मंडळी जुने नकाशे पाहून, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या शोधतात आणि मोकळ्या करतात. त्यांतल्याच एकाने कीर्तनानंतर आम्हांस विचारले, "महाराज, रानानं झाकलेली वाट पुन्हा उघडणं हे पुण्य की पाप?" प्रश्न वरवरचा नाही. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

या वाटा कोणी हौसेने पाडलेल्या नव्हेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा, नागनिका राणीने केलेल्या यज्ञांची व दानांची नोंद असलेला शिलालेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही बंदरातला माल याच कड्यावरून वर येत होता. कोकणचे मीठ बैलाच्या पाठीवरून वर यायचे, घाटावरचे धान्य खाली जायचे. पुढे १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून आगगाडी वर आली. मागून मोटारीच्या सडका झाल्या. व्यापार तिकडे वळला आणि लहान घाट ओस पडले. तरी उरली कोण? तर डोंगरातली महादेव कोळी, ठाकर ही मंडळी. घाटावरची लेक कोकणात दिलेली असली की तिच्या माहेरची वाट हीच. सडकेने जावे तर डोंगराला मोठा वळसा.

आता बुजलेली वाट ओळखायची कशी? पावसाळ्यानंतर गवत पुरुषभर उंच होते. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मरते, पण तोवर ती अशी दाट माजते की हातभर पुढचे दिसत नाही. दरड कोसळली की पायऱ्या मुजतात. त्यातून गुरांच्या वाटा निराळ्याच. अनोळखी माणूस ढोरवाटेला लागतो आणि मग चकवा लागला म्हणतो! अहो, चकवा कसला? ढोरवाट चाऱ्याकडे जाते. चारा संपला की वाटही संपते. माणसाची वाट मात्र कुठेतरी पोचण्यासाठी निघालेली असते. अवघड जागी खडकात खोदलेली पायरी, पुढे पाण्याचे टाके, खिंडीत शेंदूर लावलेला देव, अशा खुणा ती मागे ठेवून जाते. प्रपंचातही ढोरवाट कोणती आणि माणसाची वाट कोणती हे याच कसोटीने ओळखावे.

असो. आता प्रश्नाकडे वळू. पूर्वपक्ष असा की, रानाने आपली जागा परत घेतली, तिथे कोयता घालणारे आपण कोण? आणि हा पक्ष दुबळा नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे परवानगीवाचून शिरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्यालाही मान्य नाही. बिबट्याला आणि शेकरूला आपली जुनी वाट सापडली काय नि न सापडली काय, सारखेच. उलट पक्ष म्हणतो, पूर्वजांनी घाम गाळून केलेली वाट मुजू देणे हा कृतघ्नपणा आहे.

या वादाचा निवाडा आमच्या मते नाथांच्या चरित्रात आहे. शके १२१२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे तीनशे वर्षांत हस्तलिखितांत इतके पाठभेद माजले की मूळ पाठ हरवायची पाळी आली. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी तो ग्रंथ शुद्ध केला. केवढा अधिकारी पुरुष! मनात आणले असते तर शेकडो ओव्या घालता आल्या असत्या. पण त्यांनी आपली भर घातली नाही, आणि पुढे कोणी घालू नये असेही बजावून ठेवले. संप्रदायात दुसरीही कथा प्रसिद्ध आहे. माउलींच्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली होती. नाथांनी आळंदीस जाऊन समाधी शोधली आणि ती मुळी दूर केली. लक्षात घ्या बरं का, मुळी दूर केली, वृक्ष तोडला नाही. अजानवृक्ष आळंदीत आजही उभा आहे, आणि त्याच्या सावलीत माणसे पारायणाला बसतात.

वाट शोधणाऱ्याचा धर्म हाच. जेवढे पावलाला अडते तेवढेच दूर करावे. आडवी आलेली फांदी बाजूला करावी, झाडाला हात लावू नये. खडकावर तैलरंगाचे बाण काढणे, नावे लिहिणे, हे ग्रंथात स्वतःच्या ओव्या घुसडण्यासारखेच आहे. आणि सर्वांत आधी, तिथे राहणाऱ्याला विचारावे. शहरातला माणूस 'हरवलेली वाट मी शोधली' म्हणतो तेव्हा आम्हांस हसू येते. पुढे विळा घेऊन चालणाऱ्या वाटाड्याला ती कधी हरवलीच नव्हती! गावाला जिची गरज आहे ती वाट परवानगी घेऊन जरूर मोकळी करावी. जिची कोणालाच गरज उरली नाही, ती म्हाताऱ्यांकडून ऐकून वहीत लिहून ठेवावी आणि जागेवर रानाला राहू द्यावी. स्मरण हेही शोधनच आहे. खिरेश्वराहून हरिश्चंद्रगडावर चढताना तोलार खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. अरण्यातून माणसाने जायचे ते तिथल्या धन्याला नमस्कार करून, हे तो आजही जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगतो.

शेवटची गोष्ट. एका दिवसात पन्नास जणांनी वाट साफ केली, फोटो काढले आणि पुन्हा फिरकले नाहीत, तर पुढच्या आषाढात ती वाट पुन्हा गवताखाली. कोयत्याने वाट उघडते, पण राहते ती पावलाने. 'मळलेली वाट' म्हणतो आपण. ती मळते ती पुन्हा पुन्हा जाण्यानेच. वारी या शब्दात दुसरे काय आहे? एकदा जाऊन आला तो यात्रेकरू. जो फिरून फिरून जातो तो वारकरी. म्हणून त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले, "बाबा, उघडलीस ना वाट? मग पुढच्या वर्षीही जा. ज्या घरी पाणी प्यालास त्या घराची विचारपूस कर. तुझ्या पावलांनी ती वाट कुणा लेकीच्या माहेरपणाला उपयोगी पडली, तर ते पुण्यच."